बोटभर आखूड

पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दांडी मारली आणि चर्चमधले बाक बोलू लागले.

लाकूड वाळलं की आक्रसतं. आक्रसलं की सांधे सैल होतात. आणि सांधे सैल झालेल्या बाकावर माणसाने नुसता सुस्कारा टाकला तरी बाक "टक्" म्हणतो. सोळा बाक, बाकावर पाच-पाच माणसं. पाळकाने "प्रार्थना करू या" म्हटलं की सगळी मंडळी एकदम मान खाली घालायची आणि आत गारा पडल्यासारखा आवाज व्हायचा. एक म्हातारी दर वेळी डोळे उघडून खिडकीकडे बघायची. गारा नसायच्या. मग ती पुन्हा डोळे मिटायची.

शेवटी एका रविवारी पाळक नम्रतेवर बोलत असताना चौथ्या रांगेतला बाक बसला. बसला म्हणजे जमिनीवर बसला, दुकानदारासकट. आपल्या बोलण्याचा इतका तातडीचा परिणाम पाळकाने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्याच दिवशी पंचांनी ठरवलं, सगळे बाक सुताराकडून ठोकून घ्यायचे. सुतार स्वतःच पंच होता, त्यामुळे सुताराला निरोप सांगायचं कामही त्याच्याकडेच आलं.

खरं तर बाक सतरा होते.

सतरावा सुताराच्या छपरात पडला होता. त्याला पाठ नव्हती. पूर्वी तो चर्चच्या दाराजवळ, घंटेच्या दोरीपाशी असायचा. ज्याचं काही चुकलं, कुणाचं पिणं, कुणाचं लग्नाविना एकत्र राहणं, त्याने सुधारेपर्यंत त्या बाकावर बसायचं आणि प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही, असा रिवाज होता. सुताराने विसाव्या वर्षी स्वतःच्या हाताने केलेलं ते पहिलं काम. तेव्हाच्या म्हाताऱ्या पंचाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "एक पाय बोटभर आखूड ठेव. बसणारा जरा हलला की वाजलं पाहिजे. पाप्याला डुलकी लागता कामा नये."

"आणि बाकीच्यांना लागली तर?"

"बाकीच्यांची झोप निर्मळ असते."

सुताराने पाय बोटभर कापला होता.

दोन वर्षांपूर्वी हा नवा पाळक आला. तरुण, काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आल्या आठवड्यात त्याने बाक बाहेर काढला. म्हणाला, "चुकीला मी चूकच म्हणणार. त्यात तसूभर फरक करणार नाही. पण माणसाला वाजवून कशाला दाखवायचं?" मग त्याने सुताराकडून फळी तासून घेतली, तिच्यावर स्वतः अक्षरं काढली, 'या. कोणीही या.' आणि ती दारावर ठोकली. दोन वर्षांत त्या पाटीला मान देऊन तीन शेळ्या आणि एक वाट चुकलेला विमा एजंट एवढे आत आले. एजंट निदान गीत संपेपर्यंत थांबला.

*

मंगळवारी पाण्याचा टँकर आला. हंडे धावले. सुतारीण रांगेत सातवी होती. टँकरच्या पुढच्या भागातून ड्रायव्हरच्या बाजूने एक बाई उतरली. हातपाय काड्यांसारखे आणि पोट पुढे आलेलं. तिने वरून एका माणसाला हात धरून उतरवलं. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि तो कशाला तरी हसत होता.

"सुताराचं घर तेच ना अजून?" बाईने विचारलं.

"तेच. तुम्ही कोण?"

"मी त्याची अक्का."

सुतारणीच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तिने या अक्काबद्दल नवऱ्याच्या तोंडून एकच शब्द ऐकला होता. पेटीतली जुनी गोधडी कोणी शिवली, असं तिने विचारलं होतं. तो म्हणाला होता, "असंच." बाकीचं तिला शिंपिणीने सांगितलं. अक्काने आईमाघारी धाकट्या भावाला वाढवलं, चर्चच्या घंटेवाल्याशी तिचं लग्न झालं, आणि एकोणीस वर्षांपूर्वी ती विहिरी खणणाऱ्या एका माणसाबरोबर निघून गेली. शिंपिणीने ते कापड फाडल्यासारखं एका दमात सांगितलं होतं.

सुतारणीने रांग सोडली. रिकामा हंडा काखेत घेऊन ती पुढे चालू लागली.

छपरात सुतार फळीवर रंधा मारत होता.

"धाकल्या," अक्का म्हणाली.

रंधा थांबला नाही. लाकडाची एक लांब साल वेटोळत निघाली, खाली पडली. दुसरी निघाली.

"अहो, वन्सं आल्यात."

"पाणी द्या त्यांना," सुतार रंध्याला म्हणाला.

पाणी नव्हतं. पाणी रांगेत राहिलं होतं. सुतारणीने मडकं तिरकं करून तळातलं पेलाभर काढलं. अक्काने अर्धं पिऊन उरलेलं त्या माणसाच्या हातात दिलं आणि जवळ दिसलं त्यावर बसली. ती बसली ते सुताराचं फळ्या कापायचं ठाणं होतं, तोच सतरावा बाक, करवतीच्या खुणांनी भरलेला.

टक्.

अक्काने वाकून पायांकडे पाहिलं. "हा इथे आहे होय!"

रंधा थांबला.

"आवाज ओळखीचा आहे," विहीरवाला म्हणाला. त्याने तो कधी ऐकला नव्हता, पण त्याला बोलायला निमित्त लागायचं नाही. "सुतारदादा, राम राम म्हणू की काय म्हणू? तुमच्यात काय म्हणतात ते हिने शिकवलं होतं, पण घाबरलो की विसरतो."

"डोळ्यांना काय झालं?" सुतारणीने विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"सुरुंग उशिरा उडाला. मी मात्र वेळेवर पोचलो."

तो एकटाच हसला. अक्का पोटावर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. मी विचारलं, कुठल्या? ते म्हणाले, ते तुमचं तुम्ही ठरवा." मग जरा थांबून, "धाकल्या, मी राहायला आले नाही. म्हणजे राहणार आहे, पण थोडेच दिवस. मला रविवारी आपल्या चर्चमध्ये बसायचंय. भाकर नको. ती मला मिळत नाही हे ठाऊक आहे. नुसतं बसायचंय. माझी जागा आहे ना अजून?"

सुताराने रंध्याचं पातं अंगठ्याने चाचपलं. पातं नीट होतं. तरी त्याने ते काढलं आणि घासायला घेतलं.

*

गुरुवारी पंच बसले. पाळक म्हणाला, "आनंदाची गोष्ट आहे. पाटी लावल्याचं सार्थक झालं." सगळ्यांनी माना हलवल्या. बाक टकटकले.

"येऊ देत की," दुकानदार म्हणाला. "आपण काय कोणाला नाही म्हणतो? सर्वांचं स्वागत आहे. मी तर म्हणतो, कुठेही बसू देत."

"तुमच्या बाकावर?" पाळकाने विचारलं.

"माझ्या बाकाचा पाय अजून ओला आहे. सुतारांना विचारा. सरस वाळायला वेळ लागतो."

"आमच्या बाकावर माझ्या दोन सुना असतात," दुसरा पंच म्हणाला. "तरण्या आहेत. माझं काही नाही. मी आपला सुनांचं बोलतो."

"बायकांच्या बाजूला शिंपिणीजवळ?"

शिंपीण पंच नव्हती, पण पडदे मोजायला आली होती. ती म्हणाली, "माझ्या शेजारी बसल्या तर मला आनंदच आहे हो! पण तिथली जागा घंटेवाल्यांना स्टुलावरून समोरच दिसते ना. त्यांना काय वाटेल? मी त्यांचा विचार करते."

घंटेवाल्याचा विचार करत सगळे गप्प झाले. घंटेवाला बाहेर पायरीवर दोरीला तेल लावत बसला होता. त्याला आत बोलवावं असं कोणाच्या मनात आलं नाही. तसाही तो बोलत नसे. चार वर्षांची मुलगी तापाने गेली त्या दिवसापासून त्याने बोलायचं काम घंटेवर सोपवलं होतं. त्याने बायकोला कधी मारलं नाही, शिवी दिली नाही. मुलगी गेल्यावर दोन वर्षं अक्का त्या घरात भिंतीशी बोलली, भांड्यांशी बोलली. मग विहीर खणायला एक माणूस आला, त्याने तिला विचारलं, "तुम्हाला हसायला येतं का हो?" आणि तिने आठवून पाहिलं.

"सुतार, तुमचं काय म्हणणं?" पाळकाने विचारलं.

सुतार म्हणाला, "मी बाक ठोकायला आलोय." आणि पाचर घेऊन खाली वाकला.

बैठकीत ठराव झाला की सर्वांनी मनापासून स्वागत करावं. कुठे बसवावं हे ठरावात राहून गेलं.

*

रविवारी अक्का आली. सुतारणीने तिला आपलं बरं लुगडं दिलं होतं, पोटावर ते नीट बसत नव्हतं. विहीरवाला तिचा खांदा धरून मागे.

स्वागतात कसूर झाली नाही. दारात शिंपिणीने तिचे दोन्ही हात धरले. दुकानदाराने मान लववली. सगळी मंडळी वळून हसली. आणि हसता हसता प्रत्येकाने आपल्या बाकावर कडेला सरकून ऐसपैस बसून घेतलं. पंधरा बाकांवर पाचच्या जागी चार-चार माणसं अशी पसरली की पाचव्याला जागा उरली नाही. ठरवून कोणी केलं नाही. प्रत्येकाला वाटलं, पुढचा सरकेल.

सुतारीण उठून उभी राहिली होती. अक्काने तिला मानेनेच 'बस' म्हटलं. मग ती दाराजवळ गेली, जिथे पूर्वी बाक असायचा तिथे. तिथे बाक नव्हता. ती फरशीकडे पाहत राहिली, दारात वहाण काढून आत गेलेल्या माणसाला परत येताना वहाण सापडू नये तशी.

आणि दीड तास उभी राहिली.

तिच्यापासून तीन हातांवर घंटेवाला आपल्या स्टुलावर बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. दोरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला, सोडत राहिला. विहीरवाला भिंतीला टेकला होता आणि गीताचे शब्द येत नसूनही मोठ्याने गात होता. शब्द चुकत होते, चाल त्याहून.

दुसऱ्या रांगेत सुतार बसला होता. त्याने पंधरा बाक ठोकले होते, सोळावा त्याच्या छपरात होता, आता आवाज नव्हता. इतकी शांतता त्याला मानवेना. दीड तास तो मागून एका 'टक्'ची वाट पाहत होता. उभ्या माणसाचा आवाज होत नाही.

प्रभुभोजनाच्या वेळी पाळकाने तिच्याकडे पाहिलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती पहिल्यापासून उभी आहे. त्याला वाटलं होतं, उशिरा आलेलं कोणीतरी असेल. चष्मा बदलायला झाला होता.

बाहेर पडताना शिंपीण अक्काला म्हणाली, "किती बरं वाटलं हो तुम्ही आलात! पुढच्या रविवारी नक्की या."

"येते ना," अक्का म्हणाली आणि पायरीवर बसली. नंतर तिला उठता आलं नाही. सुतारीण आणि विहीरवाल्याने तिला घरी नेलं.

*

सोमवारी पाळक सुताराच्या घरी आला. छपरात सुतार सोळावा बाक ठोकत होता. आत अक्का पडली होती, पायांवर सूज चढली होती. सुतारीण तिला पेज भरवत होती, ती दोन घास घेऊन तोंड मिटत होती.

सुताराने हातोडी ठेवली. पाळकाला आत जाऊ दिलं नाही. म्हणाला, "साहेब, तिला भाकर द्या."

पाळक उभाच राहिला.

"ती मरतेय. कोण बघतंय? इथेच घरात द्या. मी पंच आहे, मी सांगतो."

"मला देता आली असती तर कालच दिली असती," पाळक म्हणाला. "ती माझी नाही हो. माझ्या घरची असती तर सगळी देऊन टाकली असती. त्यांचा नवरा हयात आहे, आणि त्या दुसऱ्याच्या घरी राहतात. मी डोळे झाकून दिली तर ती दया नव्हे. मी त्यांना खोटं सांगितल्यासारखं होईल."

"मग पाटी कशाला लावली?"

पाळकाने चष्मा काढून पुसला आणि काडीचा दोरा सुटला.

"कोणाशी भांडतोस रे धाकल्या?" आतून अक्का म्हणाली. "आत येऊ दे त्यांना. मी काय भाकर मागितली?"

पाळक आत जाऊन जमिनीवर बसला. अक्का म्हणाली, "साहेब, नियम बरोबर आहे. मी मोडलाय म्हणून तो वाकडा होत नाही. ह्यांना सोडून आले तर तुम्ही मला भाकर द्याल, ते ठाऊक आहे मला. पण ह्यांना आता दिसत नाही. ह्यांना रस्त्यावर सोडून मी भाकर घ्यायला आले, तर ती गिळवेल का मला?"

"मला आता दिसत नाही हे हिच्या लक्षात आहे," विहीरवाला कोपऱ्यातून म्हणाला. "पण मी स्वयंपाकही करतो, साहेब. चव विचारू नका."

"तुम्ही गप्प बसा हो." अक्काने श्वास घेतला. "घरात जेवायला मिळत नाही म्हणून घर सोडायचं का? आई गेल्यावर मी आणि हा कितीदा उपाशी झोपलो. पण आपल्याच घरात झोपलो ना? मला बसायला जागा द्या. माझा बाक होता तिथे."

पाळकाचे कान लाल झाले. "तो मी काढला. तुमच्यासारख्यांचा अपमान होऊ नये म्हणून."

"बाकाने कसला अपमान हो? एकोणीस वर्षांपूर्वी एक रविवार बसले त्याच्यावर. कोणी माझ्याशी बोललं नाही. तो बाक तेवढा मी हलले की टक् म्हणायचा." ती जरा हसली. "मला वाटायचं, चला, एक तरी बोलतोय."

जाताना पाळकाने सुताराला विचारलं, "तो बाक अजून आहे का?"

सुताराने बोट दाखवलं. त्यावर सोळावा बाक उलटा टाकलेला होता.

*

दुसऱ्या दिवशीपासून सुताराने सतरावा बाक घेतला. त्याने आधी करवतीच्या खुणा रंध्याने काढल्या. मग पटाशीने आखूड पायाचं टोक साफ केलं, बोटभर जाडीचा सागाचा तुकडा कापला, त्याला खाचेत बसणारं कुसू काढलं, पायात खाच घेतली. कुसू सैल बसू नये म्हणून लाकूड ओलं करून फुगवायला हवं होतं. पाणी माणशी एक हंडा होतं. त्याने आपल्या वाटणीचं अर्धं त्या पायावर घातलं. सुतारीण दारातून पाहत होती. आपल्या वाटणीतलं थोडं तिने त्याच्या हंड्यात ओतलं.

दुपारी त्याने अक्काला उचलून छपरात आणलं आणि भिंतीशी गोधडीवर बसवलं, तिचीच गोधडी. ती काम पाहत बसली.

"लहानपणी तू खिळे तोंडात धरायचास," ती म्हणाली. "मी ओरडायचे."

"अजून धरतो."

"गिळलास का कधी?"

"एक."

"मग?"

"दोन दिवसांनी परत मिळाला."

अक्का हसायला गेली आणि पोट धरून थांबली. सुतार पायावर पाचर ठोकत राहिला. चार ठोके बसल्यावर, मान वर न करता, म्हणाला, "एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीत पहिला हात माझाच होता. तुला या बाकावर बसवायचं म्हणून. पंच होऊन आठवडा झाला होता मला. कोणीच हात वर करेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले."

"मी खिडकीत होते."

हातोडी थांबली.

"तू हात वर केलास तेव्हा तुझा शर्ट बगलेत उसवला होता," अक्का म्हणाली. "चांगला वीतभर. माझ्या मनात आलं, आता हा कोण शिवणार. दुसरं काही आलंच नाही रे मनात. गाव सोडताना गाडीत बसल्यावरसुद्धा तेच."

सुताराने हातोडी खाली ठेवली. मग उचलली. ठोकायला काही राहिलं नव्हतं, तरी त्याने दोनदा ठोकलं. भुसा डोळ्यांत गेल्यासारखं करत त्याने बाहीने तोंड पुसलं.

बाक जमिनीवर सरळ केला. दोन्ही टोकांवर दाबून पाहिलं. आवाज नाही. त्याने पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला.

"आता वाजणार नाही," तो म्हणाला.

"बरं," अक्का म्हणाली.

*

रविवारी सकाळी घंटा वाजली नाही.

शुद्धीवर यायला अक्काला आता वेळ लागत होता, पण घंटा झाली नाही हे तिलाच पहिल्यांदा कळलं. "आज रविवार नाही का?" तिने विचारलं. पंचवीस वर्षांत घंटा चुकली नव्हती. मुलगी गेली त्या रविवारीही ती वाजली होती.

सुतार अंगणात आला, तर घंटेवाला फाटकाशी उभा. धुतलेला शर्ट, टोपी हातात. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो आत आला, छपरातल्या बाकाकडे गेला आणि त्याचं एक टोक दोन्ही हातांनी धरलं. मग सुताराकडे पाहिलं.

सुताराला कळायला जरा वेळ लागला. मग त्याने आणि सुतारणीने अक्काला आणून बाकावर बसवलं. सुताराने दुसरं टोक उचललं.

असे ते निघाले. पुढे नवरा, मागे भाऊ, मध्ये बाकावर अक्का. एका बाजूने सुतारीण तिची पाठ धरून, दुसऱ्या बाजूने विहीरवाला बाकाची कड धरून. "चढ आहे का?" तो विचारत होता. "आता उतार आहे का? कोण आहे पुढे? चालणं मोजून मापून आहे." कोणी सांगितलं नाही. अर्ध्या वाटेत पुढे कोण आहे ते त्याला आपणच कळलं. उरलेली वाट तो बोलला नाही. त्याच्या ओळखीतल्या कोणी त्याला इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं.

घंटेविना जमलेली मंडळी दाराशी ताटकळत होती. त्यांनी वाट दिली. दुकानदाराने टोपी काढली, मग टोपी काढावी की नाही हे न ठरल्याने पुन्हा घातली.

बाक दाराजवळ जुन्या जागी ठेवला. अक्का जरा सावरून बसली.

टक्.

गुडघ्यांवर बसून सुताराने पाय पाहिले. चारही पाय सारखे होते. मग त्याने फरशीवरून हात फिरवला. एक फरशी खचली होती. घंटेवाला दोरी ओढताना ज्या फरशीवर टाच रोवायचा तीच. पंचवीस वर्षांच्या रविवारांनी ती खाली गेली होती. सुताराने बोट लावून पाहिलं. बरोब्बर बोटभर.

"राहू दे रे," अक्का म्हणाली. "ओळखीचं आहे."

घंटेवाल्याने घंटा वाजवली, टाच त्याच फरशीच्या उरलेल्या कोपऱ्यावर रोवून. मग तो आपल्या स्टुलाकडे गेला नाही. बाकाच्या त्या टोकावर, खचलेल्या बाजूला, जाऊन बसला. त्याच्या वजनाने बाक टेकला आणि गप्प झाला. या टोकाला विहीरवाला. मध्ये अक्का, डोळे मिटलेले, पण ओठ गीताबरोबर हलत होते.

मंडळी पुढे पाहत होती. चौथ्या रांगेत शिंपीण रडत होती, आणि आपल्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी आहे हे तिला आत्ता दिसत होतं.

भाकरीचं ताट फिरवायचं काम पंचांचं. त्या दिवशी पाळी सुताराची होती. सोळा बाक झाले. तो सतराव्यापाशी आला. तिथे ताट न्यायचं नव्हतं, पण पाय गेले. त्याने ते पुढे केलं.

अक्काने डोळे उघडले. ताटाच्या काठाला दोन बोटं लावली आणि हळूच मागे सारलं, जेवण झालेलं माणूस वाढणाऱ्याला करतं तसं.

"धाकल्या, तू मोडू नकोस," ती म्हणाली. "मी आत आहे ना? पुरे."

सुताराने ताट घंटेवाल्यापुढे नेलं. त्याला मिळायला हरकत नव्हती, दर वेळी तो घेत असे. त्याने ताटाकडे पाहिलं, शेजारी पाहिलं आणि मान हलवली. नको.

तेव्हा पाळक समोरून चालत दारापर्यंत आला. त्याने नियम मोडला नाही. अक्काच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. काय म्हणाला ते कोणाला ऐकू आलं नाही. प्रार्थना संपल्यावरही त्याने हात काढला नाही. गीताची तीन कडवी होईस्तोवर तो तसाच वाकून उभा होता, आणि चष्मा दोऱ्यानिशी नाकावरून घसरून खाली पडला तरी त्याने तो उचलला नाही.

*

बुधवारी सकाळी सुतारीण पेज घेऊन गेली तेव्हा अक्का संपली होती. विहीरवाला तिचा हात धरून बसला होता. "मघापासून गार लागतोय," तो म्हणाला. "म्हटलं झोपू द्यावं."

जमीन दगड झाली होती. मुलीच्या कबरीशेजारची जागा खणायला दोन गडी लावले, त्यांच्या कुदळी उडत होत्या. विहीरवाला म्हणाला, "सरका. हे डोळ्यांचं काम नाही." त्याने पहार घेतली, जमिनीवर ठोकत कान लावून फिरला आणि मऊ जागा धरून खणू लागला. कमरेइतकं झालं. छातीइतकं झालं. लोकांनी थांबायला सांगितलं, तो थांबेना. त्याला थांबायची सवय नव्हती, पाणी लागेपर्यंत त्याने कधी काम सोडलं नव्हतं. डोकं दिसेनासं झालं. आतून फक्त माती वर येत होती.

"अहो, विहीर नाही ती," पाळक काठावरून म्हणाला.

पहार चालूच राहिली. मग एकदम थांबली. आतून विहीरवाला म्हणाला, "ओल आहे. वास येतोय. अजून दोन हात..." आणि त्याला हुंदका आला.

घंटेवाल्याने खांद्यावरची घंटेची जुनी दोरी काढून खाली सोडली.

"पुरे," तो म्हणाला. एकवीस वर्षांत लोकांनी त्याचा आवाज ऐकला नव्हता. तो गंजलेला निघाला. "वर या."

त्याने खड्ड्याच्या काठाला टाच रोवली आणि ओढलं.

*

विहीरवाला सुताराच्या छपरात राहिला. पटाशीची धार तो बोटाने सांगतो, चुकत नाही. रविवारी सुतारीण त्याला चर्चच्या दारापर्यंत सोडते, पुढे तो आपला आपण जातो. सतराव्या बाकावर बसतो. टक्. मग घंटा होते. घंटा झाली की घंटेवाला येऊन दुसऱ्या टोकावर बसतो, आणि बाक गप्प होतो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मधे एका माणसाची जागा असते. एकाला खोकला आला तरी दुसऱ्याला हादरा बसतो, म्हणून दोघंही जपून बसतात.

नंतरच्या एका बैठकीत दुकानदार म्हणाला, तेवढी फरशी सारखी करून घ्या, नाहीतर पायाखाली पाचर घाला, बरं दिसत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. सुताराने त्याच दिवशी फरशीचं माप घेतलं. सागाची पाचर केली, बोटभर, अगदी बेताची. ती त्याच्या शर्टाच्या खिशात आहे.

त्याला चार महिने झाले. पंच विचारतात. सुतार म्हणतो, "लाकूड अजून वाळतंय. घाई करून चालत नाही." आणि रविवारी दुसऱ्या रांगेत बसून, घंटा व्हायच्या आधी, मागून तो एक आवाज येईपर्यंत गीताचं पुस्तक उघडत नाही.